नव्वद दिवस आणि एक रात्र : फाइव्ह पॉइंट्झच्या भिंतींचं प्रकरण

१९ नोव्हेंबर २०१३. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात रात्रीच्या अंधारात रंगारी कामाला लागले आणि उजाडेपर्यंत एका जुन्या कारखान्याच्या भिंती पांढऱ्या झाल्या. अकरा वर्षांत जगभरच्या ग्राफिटी कलाकारांनी त्या रंगवल्या होत्या. पोलीस हजर होते. इमारत मालकाचीच होती, तिच्या जागी टॉवर बांधायला शहराची मंजुरी मिळाली होती आणि आठवड्यापूर्वीच न्यायालयाने कलाकारांचा मनाई अर्ज फेटाळला होता. त्या सकाळी मालकाची बाजू पूर्ण भक्कम दिसत होती. पुढे याच रात्रीपायी त्याला ६७ लाख ५० हजार डॉलर भरावे लागले.

भिंतीवरच्या चित्रांशी ज्यांचा संबंध येतो (कलाकार, घरमालक, सोसायटीचे पदाधिकारी, गॅलरीवाले) त्यांनी हे प्रकरण टप्प्याटप्प्याने समजून घ्यावं म्हणून ही मांडणी. जागा आणि न्यायालयीन नोंदी सर्वांसमोर आहेत. माणसांची नावं मुद्दाम गाळली आहेत, कारण इथे महत्त्व आहे ते कोणत्या क्षणी कोणी काय ठरवलं याला.

पार्श्वभूमी

लाँग आयलंड सिटीतली ही इमारत १८९२ ची. तिथे पाण्याचे मीटर बनत. विस्तार सुमारे दोन लाख चौरस फूट. मालकाने ती १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला विकत घेतली. रस्त्यापलीकडे समकालीन कलेचं मोमा पीएस १ हे केंद्र आणि शेजारून सात नंबरची उन्नत रेल्वे. गाडीच्या खिडकीतून भिंती समोर यायच्या. ग्राफिटी करणाऱ्याला याहून चांगला प्रेक्षक मिळणं अवघड.

१९९० च्या दशकात मालकाने या भिंतींवर रंगवायला मुभा दिली. २००२ मध्ये भिंतींचा कारभार एका अनुभवी ग्राफिटी कलाकाराकडे आला. न्यूयॉर्कच्या पाच बरोंचा (शहराच्या पाच मोठ्या विभागांचा) संगम म्हणून त्याने जागेला ‘फाइव्ह पॉइंट्झ’ हे नाव दिलं. मालकाच्या अटी तीनच होत्या: अश्लील नको, धार्मिक नको, राजकीय नको. हे सगळं तोंडी. कागद एकही नव्हता, आणि पुढचं सगळं प्रकरण या एका गोष्टीवर फिरलं.

कारभारी क्युरेटरने मात्र शिस्त लावली. भिंत हवी असेल तर आधीचं काम दाखवायचं, आराखडा सांगायचा, मग जागा मिळायची. भिंतींचे दोन प्रकार होते. काही भिंती थोड्या दिवसांच्या, तिथे आठवड्याभरातसुद्धा नवं चित्र यायचं. काही दीर्घ मुदतीच्या: रेल्वेकडची बाजू आणि आतल्या मोक्याच्या जागा. या फक्त उत्तम कामासाठी राखलेल्या, आणि तिथलं चित्र वर्षानुवर्षं टिकायचं. कोणावर कोण रंगवू शकतं याचे ग्राफिटीच्या जगात जुने अलिखित नियम आहेत. नुसती सही म्हणजे टॅग, त्यावर थ्रो-अप चालतो, म्हणजे झटपट मारलेली फुगीर अक्षरं. थ्रो-अपवर पीस चालतो, म्हणजे पूर्ण रंगवलेलं अक्षरचित्र. पीसवर त्याहून मोठं आणि चांगलं काम यावं लागतं. उलटं झालं तर तो अपमान समजतात. फाइव्ह पॉइंट्झवर हाच नियम क्युरेटरच्या देखरेखीखाली चालायचा. २००२ ते २०१३ या काळात तिथे सुमारे १०,६५० चित्रं झाली, असं न्यायालयाने नोंदवलं आहे. म्हणजे बहुतेक चित्रं दुसऱ्या चित्राखाली गेलेली. पुसलं जाणं हा या कलेचा भागच आहे आणि कलाकारांना ते मान्य होतं. प्रश्न कोणी, कधी आणि कसं पुसलं हा होता.

मधल्या काळात २००९ मध्ये जिन्याचा भाग कोसळून एक कलाकार गंभीर जखमी झाली. आतले भाड्याचे स्टुडिओ बंद झाले. बाहेरच्या भिंती चालू राहिल्या. शाळांच्या सहली यायच्या, पर्यटकांच्या बस यायच्या, चित्रीकरणं व्हायची. परिसरातली गुन्हेगारीही कमी झाली.

अडचण कुठे होती

मालकाने पहिल्यापासून सांगितलं होतं की एक दिवस ही इमारत पाडून इथे निवासी टॉवर होतील. कलाकारांना हे माहीत होतं. २०१३ मध्ये तो दिवस जवळ आला. सुमारे ४० कोटी डॉलरचा प्रकल्प, ४१ आणि ४७ मजल्यांचे दोन टॉवर, हजारेक घरं. ऑक्टोबरमध्ये शहराच्या कौन्सिलने मंजुरी दिली. वाटाघाटीत परवडणाऱ्या घरांची संख्या ७५ वरून २१० झाली आणि नव्या इमारतीवर चित्रांसाठी भिंती ठेवण्याचंही ठरलं.

त्यामुळे इमारत वाचेल का, हा प्रश्न जवळजवळ निकालात निघाला होता. उरलेला प्रश्न लहान दिसणारा, पण खरा: आत्ता भिंतीवर असलेल्या चित्रांचं काय?

इथे अमेरिकेचा १९९० चा दृश्यकलाकार हक्क कायदा येतो. चित्राची मालकी किंवा भिंतीची मालकी कोणाकडेही असो, कलाकाराकडे काही वैयक्तिक हक्क राहतात. ‘मान्यताप्राप्त दर्जा’ असलेलं, म्हणजे जाणकारांनी मोलाचं मानलेलं काम नष्ट होऊ न देणं हा त्यातला एक. भिंतीवरच्या कामाचे कायदा दोन भाग करतो. कामाला इजा न होता ते काढता येत असेल, तर मालकाने कलाकाराला लेखी नोटीस द्यायची. नोटीस मिळाल्यापासून ९० दिवसांत कलाकाराने ते स्वखर्चाने न्यायचं, नाही नेलं तर मालक मोकळा. काढताना कामच नष्ट होणार असेल तर ९० दिवसांच्या नोटिशीने भागत नाही. तिथे कलाकाराने आधीच सही केलेला कागद लागतो, ‘इमारतीबरोबर हे काम नष्ट होऊ शकतं याची मला कल्पना आहे’ असा. मालकाजवळ असा एकही कागद नव्हता. अकरा वर्षांत पानभर मजकुरावर सह्या घेतल्या असत्या तर खटला उभाच राहिला नसता.

समोरचे पर्याय

कलाकारांनी आधी इमारतीला वारसा दर्जा मागितला. शहराच्या आयोगाने अर्ज नाकारला, कारण वारशासाठी ३० वर्षं वय लागतं आणि चित्रं त्याहून फार नवी होती. मग जागा विकत घेण्यासाठी पैसे उभारायचा प्रयत्न झाला. पण बांधकामाची वाढीव मंजुरी मिळताच जागेची किंमत ४ कोटी डॉलरवरून २० कोटींवर गेली. इथे वेळेची चूक ठळक दिसते: किंमत चढण्यापूर्वी, नियोजनाची फाईल हलायच्या आधी, बोलणी व्हायला हवी होती. मंजुरीनंतर खरेदीचा पर्याय कागदावरच उरतो.

तिसरा पर्याय होता चित्रं उतरवण्याचा. याबद्दल गैरसमज फार आहेत. विटांच्या भिंतीवर मारलेला स्प्रे विटेच्या छिद्रांत आणि सांध्यांत घट्ट धरतो. जुन्या भित्तिचित्रांसाठी इटलीत वापरतात ती पद्धत, म्हणजे चित्रावर सरसाने कापड चिकटवून रंगाचा थर सोलून घेणं, सपाट गिलाव्यावर चालते. खडबडीत विटांवर, चित्रांचे थरावर थर चढलेले असताना, रंगाचे पापुद्रे भलत्याच थरापासून सुटतात आणि खालचं जुनं चित्र वर येतं. राहतो तो भिंतच कापायचा मार्ग: मागून आधार, पोलादी चौकट, हिऱ्याच्या पात्याची करवत, क्रेन. दर चौरस मीटरला शेकडो किलो वजन. पण फाइव्ह पॉइंट्झवरची सगळीच चित्रं विटांवर नव्हती. काही पत्र्याच्या आवरणावर, काही प्लायवूडवर, काही जिप्सम बोर्डवर होती. ही स्क्रू काढून, फळीसकट, दोन माणसांना एका दुपारी उतरवता आली असती. न्यायालयानेही पुढे नेमकं यावर बोट ठेवलं.

चौथा पर्याय मनाई हुकमाचा. कलाकारांनी ऑक्टोबर २०१३ मध्ये फेडरल न्यायालयात दावा लावला.

मालकापुढेही पर्याय होते. थांबणं, म्हणजे पाडकामाचा परवाना येईपर्यंत भिंती तशाच ठेवणं. नोटीस देणं. किंवा लगेच रंग फासणं.

काय झालं

१२ नोव्हेंबरला न्यायालयाने मनाई नाकारली आणि सविस्तर लेखी निकाल लवकरच देऊ असं कळवलं. तो निकाल २० तारखेला आला. त्यात दोन गोष्टी होत्या. एक, चित्रं मुळात तात्पुरती, इमारत पडणार हे कलाकारांना ठाऊक, आणि नुकसान पैशात भरून देता येतं, म्हणून पाडकाम थांबवता येणार नाही. दोन, यातली काही कामं मान्यताप्राप्त दर्जाची ठरली तर मालकाला मोठी भरपाई द्यावी लागू शकते.

दुसरा मुद्दा कागदावर यायच्या आदल्या दिवशी भिंती पांढऱ्या झालेल्या होत्या.

मालकाने नंतर दिलेलं कारण असं: इमारत तुकड्यातुकड्याने पडताना बघण्यापेक्षा एकदाच संपवणं कलाकारांसाठी कमी वेदनेचं. हे कारण प्रामाणिक असेलही. पण पाडकामाचा परवाना हातात नव्हता, आणि इमारत प्रत्यक्ष पडली ती पुढच्या वर्षी. मधले महिने त्या पांढऱ्या भिंती तशाच उभ्या राहिल्या.

सफेदीही धड झाली नाही. पाण्यात कालवलेला हलका पांढरा रंग स्प्रेच्या चकचकीत थरावर नीट धरत नाही. गडद निळा, काळा खालून दिसत राहतात आणि लाल तर वर झिरपतो. असं काम खरोखर झाकायचं तर पृष्ठभाग घासावा लागतो, डाग रोखणारा प्रायमर लागतो, वर दोन हात लागतात. एका रात्रीत हजारो चौरस फुटांवर हे होत नाही. परिणाम असा की रस्त्यावरून जाणाऱ्याला चित्रं अर्धवट, पांढऱ्या पडद्याआडून दिसत राहिली. अपिली न्यायालयाने आपल्या निकालात या निष्काळजी सफेदीची खास दखल घेतली. ज्या कलाकाराने चार दिवस शिडीवर उभं राहून चेहरा रंगवला, त्याला तोच चेहरा महिनोन्‌महिने तसा बघायला लावणं हे पाडण्यापेक्षा क्रूर होतं.

न्यायालयात

आता मागणी भरपाईची झाली. २१ कलाकार, ४९ कामं. २०१७ च्या शरद ऋतूत तीन आठवडे सुनावणी चालली. शेवटी दोन्ही बाजूंनी ज्युरीचा हक्क सोडला. न्यायाधीशांनी ज्युरीचं मत सल्ला म्हणून घेतलं. ज्युरीला ४९ पैकी ३६ कामांच्या बाबतीत हक्कभंग दिसला.

इथे कलाकारांच्या बाजूने झालेलं एक काम शिकण्यासारखं आहे. त्यांनी ‘फाइव्ह पॉइंट्झ थोर होतं’ असा मोघम दावा केला नाही. प्रत्येक कामाची वेगळी फाईल केली: चित्राचा फोटो, कलाकाराची कारकीर्द, कामाची झालेली चर्चा, समाजमाध्यमांवरची दखल, जाणकाराची साक्ष. आणि क्युरेटरची जुनी शिस्त इथे कामाला आली. एखादं काम दीर्घ मुदतीच्या भिंतीवर होतं, याचाच अर्थ जाणकार माणसाने ते शेकड्यांतून निवडलं होतं. रोजच्या कारभारासाठी केलेली भिंतींची विभागणी दर्जाचा पुरावा ठरली.

जमलं नाही ते मोलाचं. या चित्रांची बाजारातली किंमत किती, हे पटेल असं सिद्ध करता आलं नाही. भिंतीवरचं चित्र विकलं जात नाही, त्यामुळे तुलनेला व्यवहार नसतो. म्हणून न्यायाधीशांनी प्रत्यक्ष नुकसान धरलं नाही आणि कायद्यातल्या ठरावीक भरपाईचा मार्ग घेतला. ती प्रत्येक कामामागे ७५० ते ३०,००० डॉलर असते. जाणूनबुजून केलेल्या भंगासाठी १,५०,००० पर्यंत.

१२ फेब्रुवारी २०१८ चा निकाल: ४५ कामं मान्यताप्राप्त दर्जाची, भंग जाणूनबुजून, प्रत्येकी कमाल रक्कम. न्यायाधीशांनी स्पष्ट लिहिलं की मालकाने परवाना येईपर्यंत थांबून दहा महिन्यांनी इमारत पाडली असती, तर भंग जाणूनबुजून ठरवला नसता. म्हणजे कमाल आकडा त्या एका रात्रीतून आला.

फेब्रुवारी २०२० मध्ये अपिली न्यायालयाने निकाल कायम केला. तात्पुरत्या कामाला दर्जा कसला, हा मालकाचा युक्तिवाद होता. न्यायालयाने २००५ चं सेंट्रल पार्कमधलं ‘द गेट्स’ हे काम दाखवलं: दोनच आठवडे टिकलं, पण त्याचा दर्जा कोणी नाकारत नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला.

टॉवर उभे राहिले. त्यांना नावही फाइव्ह पॉइंट्झ हेच मिळालं. आणि २०१८ मध्ये जुन्या जागेच्या क्युरेटरनी मॅनहॅटनमधल्या एका हॉटेलचा जिना फाइव्ह पॉइंट्झच्या कलाकारांकडून मजल्यामागून मजला रंगवून घेतला, रस्त्यावरच्या कलेचं संग्रहालय म्हणून. काम देखणं आहे. पण तिथे गाडीतून जाता जाता नजर पडत नाही, आणि पुढच्या आठवड्यात वर दुसरं चित्र येण्याची शक्यता नाही. छत मिळालं की ग्राफिटीचं आयुष्य वाढतं आणि स्वभाव बदलतो, हा सौदा कलाकाराने स्वतः केलेला असावा. २०१६ मध्ये इटलीत बोलोन्या शहरात भिंतींवरून उतरवलेली चित्रं प्रदर्शनात ठेवायचं ठरलं, तेव्हा ब्लू या कलाकाराने आपली तिथली वीस वर्षांची भित्तिचित्रं करड्या रंगाने स्वतः झाकली. चित्रांवर रंग तिथेही फासला गेला असं वरवर वाटेल, पण निर्णय ज्याचा त्याने घेतला होता. दोन्हीतला फरक तोच.

आपल्याकडे हेच घडलं तर

आपल्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ कलाकाराला कामाच्या विद्रूपीकरणाविरुद्ध हक्क देतं. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सहगल यांचं कांस्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून गोदामात टाकलं गेलं, त्याचे तुकडे झाले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने उरलेले अवशेष त्यांना परत द्यायला आणि ५ लाख रुपये भरपाई द्यायला लावली. उलट २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने प्रगती मैदानातल्या ‘हॉल ऑफ नेशन्स’च्या वास्तुरचनाकाराचा दावा फेटाळला: इमारत पूर्ण पाडली तर तिचं विद्रूप रूप कोणाला दिसणारच नाही, मग लौकिकाला धक्का कसा? भिंतीवरचं चित्र या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे. अमेरिकेसारखी कामागणिक ठरावीक भरपाई आपल्या कायद्यात नाही, ९० दिवसांची नोटीसही नाही. त्यामुळे इथे कलाकाराला जे मिळेल ते बहुतांशी करारातून मिळेल.

मुंबईत हा प्रश्न पुनर्विकासाच्या दाराने येतो. २००९ पासून तुळशी पाइप रोडच्या भिंती रंगल्या, २०१७ मध्ये ससून डॉकमध्ये चित्रं आली, वांद्र्याच्या गल्ल्यांत घरांच्या भिंती रंगल्या. खासगी भिंतीचा मालक बदलतो, सोसायटी विकासक नेमते, आणि दहा वर्षांपूर्वी ‘रंगवा की’ म्हणणारे सचिव तेव्हा पदावर नसतात. परवानगी नसेल तर गोष्ट अजून वाईट: महाराष्ट्राचा १९९५ चा मालमत्ता विरूपण प्रतिबंध कायदा कलाकारालाच आरोपी करतो.

वेगळं काय करता आलं असतं

मालकाने अकरा वर्षांत कधीही दोन ओळींचा कागद करून घेतला असता तर बरं झालं असतं. तो नव्हता, तरी नोव्हेंबर २०१३ मध्ये उशीर झालेला नव्हता. आठ दिवस थांबून लेखी निकाल वाचला असता, तर भरपाईचा इशारा समोर असता. पत्र्यावरच्या आणि प्लायवरच्या कामांसाठी नोटीस दिली असती, तर ती सुटली असती आणि विटांवरच्या कामांचा दावा उरला तरी जाणूनबुजून हा शब्द चिकटला नसता. बांधकामाला एक दिवसही उशीर झाला नसता.

कलाकारांच्या बाजूने पाहिलं तर दावा मंजुरीनंतर लावण्याऐवजी, २०११ मध्ये पाडकामाची योजना जाहीर झाली तेव्हाच कामांची यादी व्हायला हवी होती. यादी म्हणजे भिंतीला क्रमांक, कामाची लांबी-रुंदी, पाया (वीट, गिलावा, पत्रा, प्लाय), तारीख, वापरलेला रंग, मोजपट्टीसह समोरून काढलेला एक फोटो आणि परिसरासह एक. आठवडाभराचं काम. महत्त्वाची चित्रं थेट विटेवर न काढता १२ किंवा १८ मिलीमीटरच्या मरीन प्लायवर, मागून चौकट देऊन काढली असती तर उतरवायचा प्रश्न सोपा होता. प्लायच्या कडांना प्रायमरचे दोन हात नीट द्यावे लागतात, नाहीतर पावसाचं पाणी कडेतून शिरून थर फुगतात. त्याच कलाकाराची कॅनव्हासवरची, विकली गेलेली कामं कितीला गेली याच्या पावत्या जपल्या असत्या, तर मोल ठरवताना निदान एक आधार मिळाला असता.

इथल्या सोसायटीसाठी किंवा घरमालकासाठी करार पानभराचा पुरतो. व्यवस्थापन समितीचा ठराव क्रमांक, भिंत कोणती, किती काळासाठी, डागडुजी कोण करणार, जाहिरातीत वापरायचं तर कोणाला विचारायचं, वर दुसरं चित्र यायचं तर कोण ठरवणार. आणि पुसायचं किंवा पाडायचं असेल तर किती दिवस आधी, कोणत्या पत्त्यावर कळवायचं. हा शेवटचा भाग सर्वात जास्त वेळा राहून जातो. अमेरिकेत कलाकाराला आपला पत्ता कॉपीराइट कार्यालयात नोंदवून ठेवता येतो, कारण नोटीस पोचायला पत्ता लागतो. आपल्याकडे अशी सोय नाही. कलाकार घर बदलतो, फोन बदलतो, सही मात्र भिंतीवर तीच राहते. सहीच्या खाली टिकाऊ रंगाने ई-मेल पत्ता लिहायला वीतभर जागा लागते.